विश्लेषण : बल्लारपूरचा कागद, मलेशियाचा रिंगिट आणि मध्ये बसलेला डॉलर

मोबाइलवर रिंगिट आणि रुपयाचा दर शोधला की वीस वर्षांचा आलेख लगेच समोर येतो. मलेशियाचा जो रिंगिट मार्च २००७ मध्ये साडेबारा रुपयांच्या आसपास मिळत होता, तो सप्टेंबर २०२४ अखेर वीस रुपयांवर गेलेला दिसतो. म्हणजे तेव्हा मलेशियात पैसा लावणारा भारतीय फायद्यात राहिला, असे कुणालाही वाटेल. बल्लारपूरच्या कागद कंपनीने नेमका तेव्हाच तिथे पैसा लावला होता.

बल्लारपूरचा रिंगिटशी संबंध काय?

बल्लारपूर इंडस्ट्रीज, म्हणजेच ‘बिल्ट’, ही थापर समूहाची १९४५ मध्ये स्थापन झालेली कंपनी. गावात तिला नुसते ‘पेपर मिल’ म्हणतात. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातल्या बांबूवर ती उभी राहिली. पण कागद कारखान्याचे कायमचे दुखणे कच्च्या मालाचे. त्यावर उपाय म्हणून कंपनीने २००७ मध्ये मलेशियाच्या लायन समूहाकडून ‘सबाह फॉरेस्ट इंडस्ट्रीज’ विकत घेतली. बोर्निओ बेटावरच्या सिपितांग इथला हा लगदा आणि कागदाचा कारखाना, सोबत अडीच लाख हेक्टरांहून मोठ्या जंगलाचा परवाना. किंमत २६ कोटी १० लाख डॉलर. विकणारा मलेशियाचा, घेणारा भारताचा, आणि सौदा डॉलरमध्ये. पुढचे सगळे समजून घ्यायचे तर हीच गोष्ट लक्षात ठेवावी लागते.

या दोन चलनांचा इतिहास काय सांगतो?

१९९७ च्या मध्यावर रिंगिट सुमारे १४ रुपयांचा होता. मग आशियाई चलनसंकट आले. डॉलरला अडीच रिंगिट हा भाव जानेवारी १९९८ मध्ये साडेचारच्याही पलीकडे कोसळला आणि आपल्या हिशेबाने रिंगिट आठ-नऊ रुपयांवर आला. सप्टेंबर १९९८ मध्ये पंतप्रधान महाथीर यांच्या सरकारने रिंगिट डॉलरला ३.८० या दराने बांधून टाकला; ती गाठ २१ जुलै २००५ ला सुटली. त्या सात वर्षांत रुपया-रिंगिट दर हलला तो मुख्यतः रुपया डॉलरपुढे हलला म्हणून. ऑगस्ट २०१३ मध्ये रुपया घसरला तेव्हा रिंगिट वीस रुपयांवर पोहोचला. दोनच वर्षांनी, तेल स्वस्त होऊन रिंगिटच आपटला, तेव्हा तो पुन्हा पंधरावर होता.

मग दर ठरतो कुठे?

रुपया आणि रिंगिट यांची थेट देवाणघेवाण फारच थोडी होते. बँका आधी रुपयाचा डॉलरशी भाव पाहतात, मग रिंगिटचा, आणि एकाला दुसऱ्याने भागतात. याला ‘क्रॉस रेट’ म्हणतात. मार्च २००७ मध्ये डॉलर ४४ रुपये आणि ३.५ रिंगिट होता. ४४ भागिले ३.५ म्हणजे साडेबारा.

बल्लारपूरच्या जुन्या लोकांना दोन चलने नवी नव्हती. वर्धा नदीपलीकडचा राजुरा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. तिकडे हाली सिक्का, इकडे कलदार. साधारण सात हालीला सहा कलदार, असा सरळ हिशेब. नदी ओलांडणाऱ्या बाजारकऱ्याला तिसऱ्याच कुणाच्या नाण्याचा भाव विचारावा लागत नव्हता. रिंगिटच्या सौद्यात तो विचारावाच लागतो.

यात नुकसान कसे होते?

एक काल्पनिक हिशेब करू. समजा, खरेदीची सगळी रक्कम डॉलरच्या कर्जातून आली आणि कारखान्याची रिंगिटमधली किंमत तेवढीच राहिली. (प्रत्यक्षात कर्जांची रचना अशी सोपी नसते.) २००७ च्या दराने ही किंमत झाली सुमारे ९१ कोटी रिंगिट, म्हणजे जवळपास १,१५० कोटी रुपये. सप्टेंबर २०१५ मध्ये डॉलर ६६ रुपये आणि ४.४ रिंगिट होता, म्हणजे रिंगिट १५ रुपये. त्याच कारखान्याची किंमत आता १,३७० कोटी रुपये. आलेख पाहणारा म्हणेल, सव्वादोनशे कोटींचा फायदा! पण २६ कोटी १० लाख डॉलरचे कर्ज, व्याज सोडूनही, १,७२० कोटी रुपयांवर गेलेले. हातात उरतो साडेतीनशे कोटींचा खड्डा. दोन्ही चलने डॉलरपुढे घसरली, रुपया जास्त, रिंगिट कमी. आलेखावर दिसतो तो फक्त त्यांच्यातला फरक.

कंपनी यामुळेच बुडाली का?

तसे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. विनिमय दराच्या आधी कर्जाचा डोंगर मोजावा लागेल. सबाहचा कारखाना ५० कोटी डॉलरना विकण्याचा करार २०१५ मध्ये जाहीर झाला. तो तडीस गेला नाही. जानेवारी २०२० मध्ये बिल्टवर दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. बल्लारपूर, भिगवण आणि आष्टीचे कारखाने तोवर ‘बिल्ट ग्राफिक पेपर प्रॉडक्ट्स’ या वेगळ्या कंपनीकडे होते, म्हणून गावाचा घास तेवढ्यापुरता वाचला. तरी ज्या नावाने गाव देशभर ओळखले गेले, ते नाव कर्जवसुलीच्या यादीत आले.

आता काही बदलले आहे का?

जुलै २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने परदेशी व्यापार रुपयात चुकता करण्याची सोय केली आणि एप्रिल २०२३ मध्ये मलेशियाशी व्यापारासाठी ती खुली असल्याचे जाहीर झाले. पामतेलाच्या आयातीला तिचा उपयोग होऊ शकतो. पण ही सोय व्यापाराची आहे, डॉलरमध्ये काढलेल्या कर्जाची नाही. परदेशातली खरेदी जाहीर करताना कंपन्या आकडा रुपयात फिरवून सांगतात, तो सगळ्यांना कळतो. कर्ज कोणत्या चलनातले आणि त्याची फेड कोणत्या चलनाच्या कमाईतून, हे वार्षिक अहवालाच्या शेवटच्या टिपांमध्ये असते. एका कारखान्यावर जगणाऱ्या गावात वेतन कराराच्या चर्चेला बसताना ही टीप कामगार संघटनेने आधी मागून घ्यावी, आणि व्यवस्थापनाने ती मराठीत द्यावी.