स्वस्तात फिरायचं, पण कुणी?

माझी भाची पुण्याला शिकते. दिवाळीला अकोल्याला आली तेव्हा तिने मला एक यादी वाचायला दिली. पाठीवर सॅक टाकून थोड्या पैशात देशभर हिंडणाऱ्या पोरांनी केलेली यादी. म्हणाली, "मावशी, आता रिटायर झालीस ना, मग फीर की! हे वाच, पैसे वाचतील."

वाचली. रात्रीची गाडी पकडा, मुक्कामाचं भाडं वाचतं. स्टेशनवर चादर अंथरून झोपा. ट्रकला हात दाखवा. लॉज आधी ठरवू नका, गावात पोचल्यावर घासाघीस करा.

यादीतलं काहीच खोटं नव्हतं. फक्त ती लिहिणाऱ्याने गृहीत धरलं होतं की, फिरणारा पुरुष आहे.

मागच्या हिवाळ्यात मी यातला पहिला सल्ला पाळून पाहिला. रात्रीची गाडी घेतली. ती वेळेआधीच पोचली, पहाटे अडीचला. परगावचा स्टँड, बाकांवर सगळे पुरुष झोपलेले, बायकांच्या खोलीला कुलूप. समोरच्या लॉजवर गेले. गल्ल्यावरच्या माणसाने माझ्या मागे कोणी आहे का ते पाहिलं आणि म्हणाला, "एकट्या बाईला खोली देत नाही." दुसऱ्या ठिकाणी तेच. तिसऱ्याने दिली, पण जवळजवळ दुप्पट भाड्याने. ज्या एका मुक्कामाचे पैसे वाचवायला रात्रभर बसून आले, तो मुक्काम दोन मुक्कामांच्या भावात पडला. परतताना एका मोठ्या जंक्शनवर डॉर्मिटरीत खाट मागितली. ती फक्त पुरुषांसाठी होती. बाईने अख्खी खोली घ्यायची!

घरी येऊन वहीत हिशेब मांडला, तेव्हा लक्षात आलं की बाईच्या प्रवासखर्चात एक रकाना जास्तीचा असतो. स्टँडवर थांबायची सोय नाही म्हणून रिक्षा. डॉर्मिटरी नाही म्हणून खोली. या रकान्याला नाव नसतं, म्हणून तो कुठल्याच यादीत दिसत नाही.

आणि काही बचत आपण शरीरातून करतो. मुतारी नाही म्हणून सहा-सहा तास पाणी न पिणारी बाई तुमच्या-माझ्या घरात आहे. पुढे लघवीची जळजळ, ताप, डॉक्टर. मुंबईत २०११ साली संघटनांनी 'राइट टू पी' ही मोहीम उभी केली, तेव्हा त्यांच्या तक्रारीतला एक मुद्दा अगदी रोकडा होता. पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांना पैसे! प्रवासात हा भेद दिवसातून तीन-चारदा मोजावा लागतो.

सरकारने काही केलंच नाही असं मी म्हणणार नाही. १७ मार्च २०२३ पासून राज्याच्या हद्दीत एस.टी.च्या सर्व गाड्यांत बायकांना अर्धं तिकीट झालं. त्या दिवसापासून मी पाहते आहे, अकोला स्टँडवर बायकांची गर्दी वाढली आहे. माहेरी, दवाखान्यात, कोर्टात बायका आपल्या आपण निघू लागल्या. उलट रेल्वेने ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद केली. बायकांना ती अठ्ठावन्नाव्या वर्षापासून निम्मी होती. मी अठ्ठावन्नची झाले २०२१ साली!

पण अर्ध्या तिकिटाने रस्ता स्वस्त होतो, रात्र होत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये पुण्याच्या स्वारगेट स्थानकात, उभ्या एस.टी.त, एका तरुणीवर बलात्कार झाल्याचा गुन्हा नोंदला गेला. वेळ पहाटेची. त्यानंतर आमच्या गल्लीत काय ऐकलं मी? "एकटी काऊन जाते व? घरी बसाव ना." स्थानकात दिवे किती, पहारा कुणाचा, हे विचारणारे थोडे. पोरीचं जाणं बंद करा म्हणणारे फार.

मैत्रिणींनो, कमी पैशात हिंडणं हे काही परदेशी पोरांचं खूळ नाही. आपल्या कौंडण्यपुराहून, रुक्मिणीच्या माहेराहून, पालखी पायी पंढरपूरला जाते. शेतात मजुरी करणारी बाई डोक्यावर तुळस घेऊन वारीला निघते, तेव्हा तिच्या कनवटीला कितीसे पैसे असतात? तरी ती जाते आणि सुखरूप परत येते. कारण सोबत असते, मुक्काम ठरलेले असतात, वाटेवरची गावं जेवू घालतात. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे गाडगेबाबा (१८७६–१९५६) हेच ओळखून होते. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू इथे त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या. गरिबाला देव भेटायचा तर आधी रात्रीला छप्पर हवं, एवढा साधा विचार. स्वस्त प्रवास धाडसावर चालत नाही, व्यवस्थेवर चालतो. ही व्यवस्था नाही, तिथे आपल्याला धाडस कर म्हणणं ही थट्टा आहे.

म्हणून भाचीच्या यादीवर मी लाल पेनने माझी यादी लिहिली. गाडी सुटायची वेळ पाहू नको, पोचायची पाहा. उजाडल्यावर, वर्दळ सुरू झाल्यावर पोचेल अशीच घे. मुक्काम निघण्याआधी ठरव आणि फोनवर स्पष्ट विचार, "एकटी बाई आहे, खोली द्याल ना?" तिघी-चौघी मिळून जा, एका खोलीचं भाडं वाटलं जातं. मध्य प्रदेशात जाताना एस.टी.चं अर्धं तिकीट सीमेपर्यंतच, पुढचं भाडं पूर्ण धर. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी दोन दिवस टिकते, पण पाणी पीत जा. रेल्वे कायदा, १९८९, कलम १३९ लक्षात ठेव. पुरुषाची सोबत नसलेल्या बाईकडे तिकीट नसलं, तरी तिला वाटेतल्या कुठल्याही स्टेशनवर उतरवता येत नाही. जिथून निघाली तिथे, जंक्शनवर, शेवटच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणच्या स्टेशनवरच, आणि तेही दिवसा. रेल्वेच्या मदतीचा नंबरही १३९च.

पण सगळी काळजी बाईनेच घ्यायची आणि तिचे पैसेही तिनेच भरायचे, हे मला मान्य नाही. आपल्या डेपो मॅनेजरला आपण लेखी विचारू या. बायकांची खोली रात्रभर उघडी का नाही? मुतारीचे पैसे का? लॉजवाल्याने नाही म्हटलं तर कारण लिहून मागू या.

तोवर एक काम आपल्या हातातलं आहे. एक वही करू या. ज्या मैत्रिणीच्या घरी वाटसरू बाईला एका रात्रीची पथारी आणि सकाळचा चहा मिळेल, तिचं नाव आपल्या गटाच्या वहीत. वही गटातच राहील, बाहेर जाणार नाही. पहिलं नाव माझं. माझ्या खोलीत दोघी आरामात झोपतात.

भाची माझी यादी घेऊन गेली. जाताना म्हणाली, "मावशी, यात पैसे फार वाचत नाहीत गं." खरं आहे. आई म्हणायची, "पैसा मंग वाचव, पह्यले जीव वाचव." दोन्ही वाचवता यावं, एवढंच मागणं आहे.