पहिलीचं इंग्रजी : आधी कान, मग वही



जून आला की आमच्या बिडकीनला एक प्रश्न ठरलेला. "सर, मराठी शाळेत लेकराला इंग्लिश येईल का? नाहीतर इंग्लिश मीडियमला टाकतो." डीएमआयसीची औद्योगिक वसाहत दारात आली आहे, त्यामुळे पालकांची घाई मला चुकीची वाटत नाही. पण ते शिकवतो कोण आणि कसं, हे जरा बघा.

राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं. तेव्हा रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री होते. माझ्या पिढीला एबीसीडी भेटली ती पाचवीत. म्हणजे जे आपण स्वतः लहानपणी शिकलो नाही, ते सहा वर्षांच्या लेकरांना शिकवायचं! मग फळ्यावर शब्द, पुढे अर्थ, आणि "दहा वेळा लिहून आणा". पाच-सहा वर्षं मीही हेच केलं. एकदा दुसरीतल्या मुलीला विचारलं, "व्हॉट इज युअर नेम?" खडाखडा उत्तर आलं. मग विचारलं, "व्हेअर इज युअर बॅग?" पुन्हा तेच, "माय नेम इज..." वर्ग हसला. मला मात्र लाज वाटली, कारण ते तिचं नाही, माझं उत्तर होतं.

मराठी बोलण्याआधी लेकरू वर्ष-दीड वर्ष नुसतं ऐकतं. इंग्रजी ऐकवायला आपल्या गावात वर्गातल्या शिक्षकाशिवाय कोण आहे? म्हणून आता पहिली दहा मिनिटं वही बंद. "स्टँड अप. टच द डोअर. ओपन युअर बॅग." आधी मी करतो, मग मुलं. जेम्स ॲशर यांनी मांडलेली ही टोटल फिजिकल रिस्पॉन्सची पद्धत. न बोलणाऱ्या मुलालाही समजलं की नाही, ते त्याच्या हातापायांवरून कळतं. कुणी "सर, आय गो पाणी" म्हटलं तर मी थांबवत नाही. "यस, गो अँड ड्रिंक वॉटर" एवढंच म्हणतो. आणि कुठं अडलंच तर सरळ मराठीत सांगतो, त्यात कमीपणा कसला?

"पण माझंच इंग्रजी कच्चं आहे," असं बरेच जण खासगीत म्हणतात. माझंही फार पक्कं नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या गाडिवाट गावच्या जिल्हा परिषद शाळेतली मुलं २०२० मध्ये जपानी शिकत होती. शहरातले एक जाणकार त्यांना ऑनलाइन, मोफत शिकवायचे. तिथल्या शिक्षकांनी मुलांना काय हवं ते विचारलं आणि शिकवणारा जोडून दिला. उच्चारासाठी मोबाईलवरचा ऑडिओ मीही लावतो. पण आज कोण उपाशी आलंय, कोण बोलायला घाबरतंय, हे मोबाईलला दिसत नाही.

खरी अडचण वेगळीच आहे. तपासणीला येणारे वही बघतात, पालकही वहीच बघतात. मागच्या जुलैत वही कोरी म्हणून एक वडील रागावून आले. त्यांना मी मागच्या पट्टीवर बसायला सांगितलं. ते उभेच राहिले. तेव्हा त्यांचाच पोरगा वळून म्हणाला, "पप्पा, सिट डाऊन!"