‘नुसते डोकेच दुखते ना?’

मराठीत सर्वांत स्वस्त झालेला शब्द कोणता, असे मला कुणी विचारले, तर मी क्षणाचाही विलंब न लावता सांगेन, ‘डोकेदुखी’! वीज गेली की डोकेदुखी, एस.टी. चुकली की डोकेदुखी, परीक्षेचे वेळापत्रक लागले की डोकेदुखी. धाकटा भाऊ आपले डोके खातो, शेजारच्यांचा टी.व्ही. डोके उठवतो आणि इंग्रजीचा पेपर म्हणजे तर डोक्याला ताप. हा शब्द आपण इतक्या ठिकाणी खर्चून टाकला आहे, की ज्याचे डोके खरोखरच दुखते, त्याच्यासाठी त्यात काही शिल्लकच राहिलेले नाही.

गेली सुमारे अडीच वर्षे माझे डोके दुखते आहे. रोज नव्हे, पण महिन्यातून दहा-बारा दिवस तरी नक्कीच. स्वतःच्या दुखण्याविषयी वार्षिक अंकात लिहावे की नाही, याचा मी बराच विचार केला. सहानुभूती मिळवण्यासाठी हा लेख नाही. मला एक मत मांडायचे आहे आणि ते मांडायचे तर आधी थोडी हकीकत सांगणे भाग आहे.

२०२३ च्या गौरी-गणपतीत मी द्वितीय वर्षाला होते. घरात गौरी बसायच्या, सोवळ्याची कामे. तेव्हा अडचण नको म्हणून औषधाच्या दुकानातून पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या आणून मी घेतल्या होत्या. हरितालिकेचा निर्जळी उपवासही केला होता. गौरी गेल्या आणि माझे डोके दुखू लागले. घरात सर्वांनी ‘पित्त’ म्हटले. ज्यांच्याकडे गेले त्या डॉक्टरांनीही पित्ताचीच गोळी दिली. आजीने सुंठ उगाळून कपाळाला लावली, मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. चौथ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या. पाचव्या दिवशी सकाळी वेणी घालताना उजव्या हातातून फणी गळून पडली. ती उचलून दे, असे आईला सांगायला गेले, तर तोंडातून भलतेच शब्द बाहेर पडले. आईचा तेव्हाचा चेहरा मला अजून दिसतो. पुढचे काही आठवत नाही.

मेंदूतले रक्त हृदयाकडे परत नेणाऱ्या शिरेत गुठळी झाली होती. तोही अर्धांगवायूचाच एक प्रकार. आमच्याकडची जुनी माणसे याला ‘अंगावरून वारे जाणे’ म्हणतात. हा म्हातारपणाचा आजार, ही माझी समजूत वयाच्या एकोणिसाव्या वर्षी संपली. नेमके हेच कारण, असे बोट ठेवून सांगता येत नाही, असे डॉक्टरांचे म्हणणे. मात्र अशा गोळ्या, शरीरातले पाणी कमी होणे आणि अंगात रक्त कमी असणे, या तिन्हींनी हा धोका वाढतो, असे त्यांनी सांगितले. मैत्रिणींनो, सणासाठी अशी गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका, हे एक वाक्य मी येथे मुद्दाम घालते आहे.

अकरा दिवसांनी घरी आले. रक्त पातळ ठेवण्याची औषधे, ठरावीक दिवसांनी रक्ताची तपासणी, हाताचे व्यायाम, सारे रीतसर झाले. एक वर्ष बुडाले. पण हात परत आला, शब्दही परत आले. वारे आले तसे गेले; जाताना मात्र डोकेदुखी मागे ठेवून गेले.

आणि येथूनच माझ्या खऱ्या अडचणींना सुरुवात झाली. हात लुळा होता तेव्हा माझ्या आजारावर सर्वांचा विश्वास होता. लोक फळे घेऊन यायचे, हळू आवाजात बोलायचे. हात बरा झाला आणि मी लोकांच्या लेखी ठणठणीत झाले. ‘अगं, केवढ्या मोठ्या दुखण्यातून उठलीस तू! आता नुसते डोकेच दुखते ना?’ हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकले आहे, की बोलणाऱ्याचे ओठ हलताच मला ते कळते. बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते, हेही मला ठाऊक आहे. एकदा वर्गात ठणका असह्य झाला, म्हणून बाहेर जाण्याची परवानगी मागितली. ‘आमच्याही डोक्याला पुष्कळ ताप आहेत!’ असे उत्तर मिळाले. वर्ग हसला. मीही हसले. न हसून करते काय?

पण तक्रार करण्यापूर्वी मला माझाही हिशेब दिला पाहिजे. प्रथम वर्षाला असताना सिनेमाला जाण्यासाठी ‘डोके दुखते’ असे सांगून मी दोनदा तास बुडवले आहेत. त्याहून मोठी गोष्ट आजीची. लहानपणापासून पाहत आले, महिन्यातून दोन-तीनदा आजी कपाळाला फडके करकचून बांधून अंधाऱ्या खोलीत पडून राहायची. आम्ही भावंडे त्याला ‘आजीचे नाटक’ म्हणायचो. तिच्या खोलीपाशी मुद्दाम आरडाओरडा करायचो. ती कधी रागावली नाही. आज माझे डोके धरले, की सर्वांच्या आधी तिलाच कळते. ‘दुखते का गं?’ असे ती विचारत नाही. उठते, खिडकी लोटून घेते, पडदा सारते आणि निघून जाते. विश्वास ठेवणे म्हणजे काय, हे मला कुठल्या पुस्तकाने शिकवले नाही. खिडकी लोटणाऱ्या त्या सुरकुतलेल्या हाताने शिकवले.

डोकेदुखी दिसत नाही, ही खरी गोम आहे. प्लॅस्टर दिसते, टाके दिसतात, काठी दिसते. डोकेदुखी सांगावी लागते आणि सांगायला शब्द लागतात. ‘कसे दुखते?’ असे मेंदूविकाराच्या डॉक्टरबाईंनी पहिल्यांदा विचारले, तेव्हा मराठी विषय घेऊन पदवी मिळवू पाहणारी मी ‘खूप दुखते’ याच्या पुढे जाऊ शकले नाही. व्हर्जिनिया वूल्फ या इंग्रज लेखिकेचा ‘ऑन बीइंग इल’ हा निबंध १९२६ साली प्रसिद्ध झाला. मनाच्या सूक्ष्म व्यथा सांगायला समर्थ असणारी इंग्रजी भाषा साध्या डोकेदुखीपुढे कशी थिटी पडते, याविषयीची तिची खंत त्यात आहे. मला वाटते, या बाबतीत आपली मराठी तितकी गरीब नाही. ठणका वेगळा, सणक वेगळी, कळ वेगळी. डोके जड होते, भणभणते, ठसठसते; घण घातल्यासारखे होते, फडक्याने आवळल्यासारखे होते; अर्धेच दुखले तर अर्धशिशी. शब्द आहेत, आपण ते वापरायचे सोडून दिले आहे.

डॉक्टरबाईंच्या सांगण्यावरून मी एक वही घातली. तारीख, वेळ, किती तास, कुठल्या बाजूला, आदल्या रात्रीची झोप, जेवण, घेतलेली गोळी आणि दुखण्याची जात. तीन महिन्यांनी वही त्यांच्यापुढे ठेवली, तेव्हा दोन वेगळी दुखणी निघाली. एक आवळल्यासारखे, दोन्ही बाजूंना, दिवसभर रेंगाळणारे. दुसरे एका बाजूचे, ठणकणारे, मळमळ आणणारे, उजेड नको करणारे. दोन्हींचे उपचार सारखे नसतात. ‘खूप दुखते’ या दोन शब्दांवरून त्यांना हे कधीच कळले नसते. भाषेचा अभ्यास करून काय उपयोग, असे आम्हा कला शाखेच्या मुलांना नेहमी विचारले जाते. माझ्यापुरते उत्तर मला मिळाले आहे.

त्या वहीतून आणखीही एक गोष्ट उघडकीस आली. मी महिन्यातले वीस-वीस दिवस वेदनाशामक गोळी घेत होते. पर्समध्ये पट्टी, उशाखाली पट्टी. साधी वेदनाशामक गोळी महिन्यातून पंधरा किंवा अधिक दिवस, अशी तीन महिन्यांहून जास्त काळ घेत राहिले, तर ती गोळीच डोकेदुखी जन्माला घालते. काही मिश्र गोळ्यांना तर दहा दिवसही पुरतात. शिवाय रक्त पातळ ठेवणारे औषध चालू असताना दुकानातून मनाने आणलेल्या काही वेदनाशामकांमुळे रक्तस्रावाचा धोका असतो, तो निराळाच. गोळ्या सोडल्यावरचे पहिले दोन आठवडे फार वाईट गेले. मग झोपताना घ्यायची एक प्रतिबंधक गोळी सुरू झाली. तिने तोंड कोरडे पडते, सकाळी डोळ्यांवर झापड असते आणि गुण यायला कित्येक आठवडे लागतात. पण आला. वीस दिवसांचे बारा झाले. हे बारा शून्यावर येतील, असे वचन मला कुणी दिलेले नाही आणि मीही ते आता मागत नाही.

बाकी उपाय अगदी साधे आहेत. झोपेची आणि उठण्याची वेळ एकच. जेवण चुकवायचे नाही, उपवास बंद. पाण्याची बाटली हाताशी. रोज अर्धा तास चालणे. अभ्यास पंचवीस मिनिटांच्या तुकड्यांत. लुकलुकणाऱ्या ट्यूबलाइटखाली न बसता खिडकीजवळ बसायचे. मी शेवटच्या बाकावर का बसते, हे ज्यांना कोडे होते, त्यांना आता उत्तर मिळाले असेल.

या सगळ्यात औषध नसलेली गोष्ट एकच, भीती. तुमचे डोके दुखले तर ते दुखते, एवढेच. माझे दुखले की पाठोपाठ प्रश्न येतो, ‘पुन्हा तेच तर नाही ना?’ मध्यरात्री उठून मी आरशापुढे उभी राहते. हसून पाहते, दोन्ही हात वर करते आणि ‘क’पासून ‘ज्ञ’पर्यंत अक्षरे मोठ्याने म्हणते. सगळे जागेवर असले की परत येऊन पडते. एवढ्याने धोका टळला, असे मात्र नाही. एकदम आलेले, पूर्वी कधी नव्हते इतके तीव्र दुखणे, दिवसेंदिवस चढत जाणारे दुखणे, उलट्या, अंधुक दिसणे, फिट, बोबडी वळणे, हातापायातली शक्ती जाणे, यांपैकी काहीही झाले तर वाट पाहायची नाही, १०८ ला फोन करून रुग्णालय गाठायचे. पाच दिवस ‘पित्त’ म्हणत घरी बसण्याची चूक आम्ही एकदा केली आहे.

कुणी म्हणेल, हे सारे मनाचे खेळ! तसे नाही. पक्षाघातानंतर तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या डोकेदुखीला डोकेदुखींच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या २०१८ च्या तिसऱ्या आवृत्तीत स्वतंत्र जागा दिलेली आहे. गंमत अशी, की खुद्द मेंदूला वेदना कळत नाही. वेदना कळते ती त्याच्या आवरणांना आणि रक्तवाहिन्यांना. तेव्हा ‘नुसते डोके’ दुखण्यामागेही शरीराचा पुष्कळ कारभार असतो.

माझे म्हणणे एवढेच, की डोके दुखते असे कुणी सांगितले, तर प्रथम विश्वास ठेवा. यावरचा आक्षेप मला ठाऊक आहे. उद्या अर्धा वर्ग डोके धरून बाहेर जाईल आणि सिनेमागृहात सापडेल! जाईल, काहीजण नक्की जातील. मीही गेले होते. पण हिशेब मांडून पाहा. दहा जणांनी फसवले तर दहा तास बुडतील. ते त्यांचेच नुकसान. एका खऱ्या दुखणाऱ्यावर अविश्वास दाखवला, तर तो पुढच्या वेळी सांगणारच नाही. न सांगितलेली डोकेदुखी किती महाग पडते, हे मी पाहिले आहे.

गुरुजनांना माझी विनंती आहे, की बाहेर जाऊ इच्छिणाऱ्याला कारणाची फोड सर्वांसमक्ष करायला लावू नये. महाविद्यालयात एखादी शांत, अंधारी करता येईल अशी खोली आणि तीत एक सतरंजी असावी. याला फार खर्च नाही. स्नेहसंमेलनात ध्वनिक्षेपक थोडा खाली आणला, तर गाणी बेसूर होणार नाहीत. मित्रमैत्रिणींनो, ‘मन दुसरीकडे रमव’ हा सल्ला देऊ नका. ‘आज कसे आहे?’ एवढेच विचारा आणि येईल ते उत्तर खरे माना.

आणि माझ्यासारख्यांनाही सांगते, दुखण्याचे सिंहासन करू नका. माझ्यासाठी भावाने दिवाळीत फटाके सोडले, आईने आवडत्या मालिकेचा आवाज सोडला. त्यांचेही काही हरवले आहे. ज्या दिवशी दुखत नाही, तो दिवस त्यांना द्यायचा. मी तसा प्रयत्न करते. नेहमीच जमते असे नाही.

हा लेख मी तेरा दिवसांत, तुकड्या-तुकड्यांनी लिहिला. त्यांपैकी पाच दिवस कोरे गेले. शेवटचे पान लिहीत असताना आजी दारात येऊन उभी राहिली. मी मान हलवून ‘नाही’ म्हटले. मग तिने खिडकी उघडली.

— तृतीय वर्ष कला (मराठी)