टेस्ट मोबाईलवर पास केली, पण गाडी येते का?

"तू फक्त ओटीपी सांग, टेस्ट आम्हीच देतो." लर्निंग लायसन्ससाठी एजंटकडे गेलात, तर अशी ऑफर मिळू शकते. ऐकायला भारी वाटतं, पण यात नुकसान तुमचंच आहे. कसं, ते बघूया.

महाराष्ट्रात २०२१ पासून आधार ई-केवायसी करून ही टेस्ट घरबसल्या देता येते. 'सारथी परिवहन' पोर्टलवर अर्ज करायचा, फी भरायची, रस्ता सुरक्षेचा व्हिडिओ पाहायचा आणि मग टेस्ट. आरटीओची एक फेरी वाचली, हे चांगलंच झालं. पण समोर साहेब बसलेला नसतो, त्यामुळे भलत्यानेच उत्तरं देण्याचे प्रकारही सुरू झाले.

खरं तर या टेस्टला घाबरण्यासारखं काही नाही. पास व्हायला ६० टक्के उत्तरं बरोबर लागतात. विषय चारच: वाहतुकीची चिन्हं आणि नियम, अपघात झाल्यावर चालकाने काय करायचं, फाटक नसलेलं रेल्वे क्रॉसिंग कसं ओलांडायचं आणि गाडीत कुठली कागदपत्रं ठेवायची. चिन्हांसाठी सोपी खूण लक्षात ठेवा: गोल म्हणजे हुकूम, त्रिकोण म्हणजे सावधान, निळा चौकोन म्हणजे माहिती. 'थांबा'चं अष्टकोनी आणि 'रस्ता द्या'चं उलट्या त्रिकोणाचं चिन्ह हे अपवाद, पण तेही हुकूमच.

लर्निंग लायसन्स सहा महिने चालतं. ते मिळाल्यावर ३० दिवसांनी पक्क्या लायसन्सची टेस्ट देता येते. मधल्या काळात गाडीला पुढेमागे लाल 'एल' लावा आणि कार शिकताना शेजारी लायसन्सवाला माणूस हवाच. पुण्यात कारची टेस्ट भोसरीच्या कॉम्प्युटराइज्ड ट्रॅकवर होते. तिथे ओटीपी कामाला येत नाही. म्हणून रिव्हर्स आणि चढावर हाफ क्लच यांचा सराव आधीच करा. बाईकवाल्यांनी पाय न टेकवता '८' काढून बघा. नापास झालात तर सात दिवसांनी परत जाता येतं.

जून २०२४ मध्ये 'आता आरटीओत टेस्टच नाही' असा मेसेज फिरला होता. केंद्रीय परिवहन मंत्रालयाने तेव्हाच खुलासा केला की नियमात नवीन बदल झालेला नाही. मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्राचं प्रमाणपत्र असेल तर टेस्टमधून सूट मिळू शकते, आणि ही तरतूद २०२१ चीच आहे. लायसन्स द्यायचं की नाही, हे तरीही आरटीओच ठरवतं. गल्लीतल्या प्रत्येक ड्रायव्हिंग स्कूलला ही सूट लागू नाही.

आता मूळ मुद्दा. ट्रॅकवर तुमचा गाडीवरचा ताबा बघतात. झेब्रा क्रॉसिंगला थांबायचं, चौकात आधी कोणाला जाऊ द्यायचं, हे तुम्हाला कळतं का, याची परीक्षा मोबाईलवरच होते. ती दुसऱ्याने दिली, तर ती कधी झालीच नाही. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ जण गेले. त्यात जवळपास ४४ टक्के दुचाकीवरचे होते, म्हणजे तुमच्या-आमच्यासारखेच.

आणि तो ओटीपी आधारचा असतो. तो कुणालाच सांगू नका. दोन संध्याकाळी अभ्यासाला द्या आणि टेस्ट स्वतःच द्या.