कार्यादेशावरची सही

सरकारी सल्लागार नेमताना सगळ्यांचे लक्ष निविदेकडे असते. दर कोणाचा कमी, पात्र कोण, यावरून वाद होतात, कोर्टकज्जे होतात. मात्र एकदा सर्वसाधारण करार झाला, की पुढची कामे एकेका कार्यादेशाने सोपवली जातात आणि पैसा खर्ची पडतो तो या कागदावर. तो ढिसाळ असेल, तर चोख निविदाही जनतेचा पैसा वाचवू शकत नाही.

कॅनडाला याची किंमत मोजावी लागली. ‘अराइव्हकॅन’ हे प्रवाशांसाठीचे ॲप करोनाकाळात, एप्रिल २०२० मध्ये आले. फेब्रुवारी २०२४ मध्ये महालेखापरीक्षक कॅरेन होगन यांनी त्याचा हिशेब मांडला. खर्च सुमारे ५ कोटी ९५ लाख कॅनडियन डॉलर. हाही अंदाजच, कारण नेमका आकडा काढण्याइतक्या नोंदीच ठेवलेल्या नव्हत्या. काम नेमके कोणते आणि ते करणाऱ्याची पात्रता काय, हे मूळ कागदांत स्पष्ट नव्हते. बाहेरच्या तज्ज्ञांचा दर दिवसाला सरासरी १,०९० डॉलर, तशाच सरकारी पदाचा ६७५. शिवाय अडीच कोटी डॉलरच्या ज्या कंत्राटाच्या अटी ठरवण्यात एका कंपनीचा सहभाग होता, ते कंत्राट तिलाच मिळाले.

महासाथीत घाई होणारच. तरीही काम, मुदत, मनुष्यदिवस आणि खर्चाची कमाल मर्यादा एका पानावर लिहायला फार वेळ लागत नाही.

आपल्याकडे केंद्र सरकारच्या २०१७च्या सामान्य वित्तीय नियमावलीत ही शिस्त सांगितलेली आहे: कामाची गरज, उद्दिष्ट व व्याप्ती सोप्या भाषेत लिहा, वाजवी खर्चाचा अंदाज बांधा, काम सुरू असताना सतत देखरेख ठेवा. हीच शिस्त प्रत्येक कार्यादेशाला लागू व्हायला हवी. मसुदा आणि अंदाजपत्रक खात्याच्या अधिकाऱ्यानेच करावे. ज्याला काम मिळणार, त्याच्या हाती लेखणी देऊ नये. मसुदा करणारा, मंजुरी देणारा आणि देयक तपासणारा हे तिघे वेगळे असावेत. देयक हजेरीवर न निघता, हाती आलेल्या अहवालावर किंवा आराखड्यावर निघावे. मुदतवाढ आणि वाढीव खर्चाला मूळ मंजुरीपेक्षा वरच्या स्तरावर, लेखी कारणासह मान्यता लागावी. आणि मंजूर कार्यादेश संकेतस्थळावर सर्वांना वाचता यावेत.

सल्लागारांची गरज आहेच. मेट्रो, धरणे, संगणकप्रणाली यांसाठी लागणारे सगळे ज्ञान प्रत्येक खात्याकडे असू शकत नाही. पण आपल्याला काय हवे, हे ज्या खात्याला लिहिता येत नाही, त्याला आलेले काम तपासताही येणार नाही. अशा खात्याचा प्रस्ताव वित्त विभागाने पहिल्याच टेबलावरून परत पाठवावा.