झाकली मूठ, उघडी वही

प्रोटॉन ही जिनिव्हाची कंपनी. सर्न प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी 2014 मध्ये ती सुरू केली आणि कंपनीलाही वाचता न येणाऱ्या ईमेलवर नाव कमावलं. 24 जुलै 2024 रोजी तिनं बिटकॉइनसाठी प्रोटॉन वॉलेट जाहीर केलं आणि तिच्याच चाहत्यांनी नाकं मुरडली. त्यांचे आक्षेप ऐकायला रास्त वाटतात. तपासल्यावर किती उरतात ते पाहू.

पहिला आक्षेप : क्रिप्टो म्हणजे फसवणूक, भल्या कंपनीनं त्यात हात का घालावा? फसवणूक महाराष्ट्राला नवी नाही. गेनबिटकॉइन या योजनेनं 18 महिने दरमहा 10 टक्के परताव्याचं गाजर दाखवलं. पुणे पोलिसांनी 2018 मध्ये मुख्य आरोपीला अटक केली. त्या तपासाला मदत करणारे दोन तज्ज्ञच 2022 मध्ये जप्तीची नाणी लांबवल्याच्या आरोपावरून गजाआड गेले. प्रोटॉनच्या घोषणेच्या सहाच दिवस आधी वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजमधून सुमारे 23 कोटी डॉलरची नाणी चोरीला गेली आणि ग्राहक हात चोळत बसले. तिन्हीकडे नाणी एकाची आणि ताबा दुसऱ्याचा. प्रोटॉनच्या वॉलेटमध्ये किल्ली ग्राहकाकडेच राहते. लोभावर हे औषध नाही, पण ताब्याच्या दुखण्यावर आहे.

दुसरा आक्षेप : हा काळ्या पैशाचा चोररस्ता. मुळात बिटकॉइनची वही सगळ्या जगाला उघडी असते. एकदा नोंदलेला व्यवहार पुसता येत नाही. भारतात नाण्यांचे रुपये करायला बहुतेकांना एक्स्चेंजच गाठावं लागतं. तिथं मार्च 2023 पासून मनी लाँडरिंगविरोधी कायदा लागू आहे. ओळखपत्रं द्यावी लागतात, विक्रीवर 1 टक्का टीडीएस कापला जातो, नफ्यावर 30 टक्के कर बसतो. चोराला रोख रक्कमच अधिक सोयीची!

‘मग वहीच उघडी, तर खासगीपणा कसला?’ हा तिसरा प्रश्न मात्र नेमका आहे, आणि इथं या वॉलेटच्या भक्तांचेही कान धरायला हवेत. हे वॉलेट बिटकॉइन अदृश्य करत नाही. ईमेल पत्त्यावर कोणी नाणी पाठवतं तेव्हा दरवेळी नवा बिटकॉइन पत्ता वापरला जातो, म्हणून एका व्यवहारावरून दुसरा जोडणं अवघड होतं. आपण लिहिलेल्या टिपा कंपनीला वाचता येत नाहीत. एवढंच. कंपनी कायद्याच्या वरही नाही : 2021 मध्ये स्विस आदेशावरून तिला एका फ्रेंच कार्यकर्त्याचा आयपी पत्ता द्यावा लागला होता.

एवढ्यानं काय साधतं, ते कन्नड तालुक्यातल्या देवगाव रंगारीत उभं राहून पाहावं. किराणा दुकानात क्यूआर स्कॅन केला की काउंटरवरचा साउंडबॉक्स रक्कम मोठ्यानं सांगतो. मागे उभ्या शेजाऱ्याला हिशोब कळतो, दुकानदाराच्या फोनवर नाव उमटतं, बँकेत आणि ॲपमध्ये नोंद राहते. कापसाची पट्टी किती आली हे भावकीला कळू नये असं वाटणारा शेतकरी चोर नसतो. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे त्याला कोणी शिकवावं लागत नाही. बिटकॉइननं तिथं किराणा मिळत नाही, मिळावा असंही माझं म्हणणं नाही. पण ज्यांना ही नाणी बाळगायचीच आहेत, त्यांच्यासाठी वॉलेट कोणी बनवावं? ग्राहकाची माहिती विकून पोट भरणाऱ्यानं, की वर्गणीवर चालणाऱ्या आणि आपला कोड तपासणीला खुला ठेवणाऱ्या कंपनीनं? माझं उत्तर दुसरं.

एक आक्षेप मात्र खोडता येत नाही. बँकेविरुद्ध लोकपालाकडे जाता येतं; इथं वॉलेट परत मिळवून देणारे 12 शब्द दुसऱ्याच्या हाती पडले, तर दाद मागायला दार नाही. म्हणून ते कागदावर लिहून घरात जपावेत, मदतीच्या नावाखाली मागणाऱ्याला सांगू नयेत, आणि बुडाली तरी चूल विझणार नाही एवढीच रक्कम तिथं ठेवावी. ही जोखीम ज्याला पेलत नाही, त्यानं बिटकॉइनच घेऊ नये. पण घेतलं, तर किल्ली स्वतःकडे ठेवावी.