आळीची नोंद

२७ फेब्रुवारी १८२८ रोजी शनिवारवाडा पेटला आणि काही दिवस धुमसत राहिला. तट, दरवाजे आणि जोती उरली. वरचे मजले नेमके कसे दिसत, याबद्दल आजही अंदाजच बांधावे लागतात. फ्रान्समध्ये फोटोग्राफीची घोषणा व्हायला तेव्हा अकरा वर्षे अवकाश होता, त्यामुळे पेशव्यांच्या वाड्याचा फोटो नाही याचा दोष कुणालाच देता येत नाही. वाई, पैठण, चांदवड, मिरज, अचलपूर इथले वाडे मात्र घरोघरी कॅमेरे असताना पडताहेत, आणि त्यातल्या कितीतरी वास्तूंचा एक धड फोटोही मागे उरत नाही. यंदाच्या अंकातला चित्रविभाग या अस्वस्थतेतून आकाराला आला.

महाराष्ट्राला कॅमेरा तसा लवकर मिळाला. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे त्या पहिल्या पिढीतले नामवंत छायाचित्रकार. पुढे हेन्री कझिन्ससारख्या पुरातत्त्व खात्यातल्या मंडळींनी मोठे काम करून ठेवले. पण त्यांच्या कॅमेऱ्यांचा रोख लेण्यांकडे, देवळांकडे, घुमटांकडे होता. माणसे जिथे राहिली, ती घरे आणि त्या आळ्या बहुतेक चौकटीबाहेरच राहिल्या.

ती सवय अजून सुटलेली नाही. वाईला गेलेला माणूस ढोल्या गणपतीचा फोटो काढतो, मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा, मागचा घाट आणि वसईच्या मोहिमेनंतर इकडे आलेली पोर्तुगीज घंटा टिपतो. टिपावीच. पण ही ठिकाणे सगळ्यांना ठाऊक आहेत, त्यांचे फोटो ढिगाने आहेत. गंगापुरी, मधली आळी, रामडोह आळी इथे एकमेकांना खांदा लावून उभी असलेली साधी दुमजली घरे कोण टिपणार? आळी ओळीने उभी असते तेव्हाच तिचा अर्थ लागतो. मधले एक घर गेले, तिथे चार मजली इमारत आली, की शेजारच्या माडीचा उजेड जातो, सामाईक भिंतीत पाणी मुरते आणि दोन-तीन पावसाळ्यांत तेही घर जाते. म्हणून आमच्या छायाचित्रकारांना आम्ही एकच विनंती केली होती: एक देखणा दरवाजा नको, आळी या टोकापासून त्या टोकापर्यंत द्या, मधल्या पत्र्याच्या शेडसकट.

हे काम दिसते तेवढे सोपे नाही. बोळ आठ-दहा फुटांचा. खाली उभे राहून कॅमेरा वर केला की भिंती आत झुकतात आणि वाडा मागे कलंडल्यासारखा दिसतो. समोरच्या माडीवर जागा मिळाली तर सगळे सरळ येते, म्हणजे आधी समोरच्या घरातल्या आजींशी ओळख काढावी लागते. आत गेल्यावर ओसरीवर अंधार. तिथे फ्लॅश मारला की गणेशपट्टीवरचे कोरीवकाम सपाट होऊन जाते. कॅमेरा तिकाटण्यावर ठेवून चौकातून येणारा तिरपा उजेड पकडला, तर सुरूच्या खांबाची प्रत्येक कड, त्यावरचे केळफूल, खालचा दगडी तळखडा उठून दिसतो. शेजारच्याच खांबावर जाड ऑइलपेंट चढलेला असतो. तोही टिपायचा. काजळीने काळवंडलेली देवळी, जोत्यातले बळदाचे तोंड, दाराच्या मागचा अडसर, तुळई आणि खांब यांचा सांधा, वरचे किलचन. फोटो म्हणून यातले काही फारसे मोहक नाही. पण दुरुस्ती करू पाहणाऱ्याला सूर्यास्ताच्या फोटोपेक्षा त्या सांध्याचा फोटो शंभरपट उपयोगी पडतो.

किल्लारीचे उदाहरण आठवते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदाचे ओझे कोसळून सुमारे आठ हजार माणसे गेली. अनेक ठिकाणी भिंती ढासळल्या, तरी लाकडी खण मात्र उभे राहिले होते. घराची कोणती बाजू जीवघेणी होती आणि कोणती तगून राहिली, हे त्या खणांचे फोटो आजही दाखवतात. नंतर बावन्न गावे नव्या जागी वसली आणि माळवदी घराची भीती मराठवाड्यात खोल रुजली. ती भीती समजण्यासारखी आहे. पण त्या भीतीपोटी सुताराची कारागिरीही विस्मरणात गेली, याचे वाईट वाटते.

दुसरा आग्रह मजकुराचा. फोटोखाली गाव, आळी, तारीख आणि कुठल्या दिशेने काढला एवढे नसेल, तर तीस वर्षांनी तो कुठलाही वाडा असतो. काही गोष्टी तर दगडात दिसतच नाहीत. नाशिकच्या काळाराम मंदिराचा कोट फोटोत भव्य दिसतो, पण २ मार्च १९३० पासून ज्यांनी त्याच्या दारांशी सत्याग्रह केला त्यांची नोंद मजकुरातच करावी लागते. महाडचे चवदार तळे, त्याभोवतीची घरे, तिथून गावाकडे जाणारे रस्ते हेही आम्हाला कुठल्याही सरदाराच्या वाड्याइतकेच ऐतिहासिक वाटतात. म्हणून या अंकात वाड्यांबरोबर वस्त्याही आहेत. मिरजेची सतारमेकर गल्लीही आहे. छताला टांगलेले भोपळे आणि दाराशी बसून दांडीला रंधा मारणारे हात काढून टाकले, तर त्या घरांचे काय शिल्लक राहील?

वाडा पाडणाऱ्या मालकाला खलनायक ठरवणे आम्हाला मान्य नाही. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यानंतर भाडी गोठली आणि कौले बदलण्याएवढेही पैसे त्यातून निघेनात. हक्कदार वाढत गेले. कोणी पुण्यात, कोणी परदेशात, आणि वाड्यात एकटी म्हातारी काकू. जुन्या सागवानाचा व्यापारी रोख पैसे घेऊन दाराशी येतो तेव्हा तिच्याकडे दुसरा पर्याय नसतो. तिच्या घरात कॅमेरा घेऊन जाणाऱ्याने आधी बसून बोलावे, विचारून फोटो काढावेत आणि मोठ्या आकाराची एक प्रिंट तिला नेऊन द्यावी. आमच्या छायाचित्रकारांनी हे मनापासून केले. प्रिंट पाहून आपल्याच खांबांकडे नव्याने बघणारी माणसे त्यांना भेटली.

वाचकहो, दिवाळीला तुमच्यापैकी बरेच जण गावी जाल. देवळ्यांत पणत्या लागतील, भावंडे एकत्र येतील, ओसरी भरेल. त्या चार दिवसांत सकाळची एक फेरी आपल्या आळीसाठी काढा. दोन्ही बाजूंची घरे ओळीने टिपा. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा की हा वाडा कोणी बांधला, सुतार कुठला होता, पूर आला तेव्हा पाणी कुठवर चढले होते. त्यांनी सांगितलेले शब्द तसेच लिहून ठेवा. फोटो आणि नोंदी आमच्याकडे पाठवा, पुढच्या अंकात त्यांना जागा राखून ठेवली आहे. एक प्रत गावच्या सार्वजनिक वाचनालयातही द्या, म्हणजे ती गावातच राहील. आतल्या खोल्यांच्या फोटोंसाठी घरच्यांची संमती घ्या. ती मिळाली नाही, तर रस्त्यावरून दिसणारी बाजू पाठवा, आणि सोबत शेजारच्या दोन घरांचीही.